हातमोज्याचं बोट

जिंतूरच्या पुढं, येलदरीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर
पौषात अशी थंडी पडायची
की बाबांची कात्री सकाळी हातात धरवत नसे.
आधी ती इस्तरीच्या कोळशावर शेकायची,
मग कापड.

अशाच एका संध्याकाळी अवद चाऊस दुकानात आले,
मशीनवर एक हातमोजा ठेवला. उजवा.
काळी लोकर, मनगटाशी लाल पट्टी,
हैदराबादच्या बहिणीनं विणलेला.
म्हणाले, रंगनाथ, याचं एक बोट काप.

कोणतं, ते बाबांनी विचारलं नाही.
मागच्या हिवाळ्यात दाजिबाची घोंगडी
रफूला आमच्याकडंच आली होती.
चवलीएवढं भोक, कडा जळक्या.
रफू होईस्तोवर चाऊस बाकावर बसून होते,
पैसे त्यांनी दिले,
आणि घोंगडी घेऊन दाजिबाच्या आखाड्यावर
पायी गेले, सायकल इथंच ठेवून.

लोक म्हणायचे,
चाऊस डुकराला मारतो पण शिवत नाही,
म्हणून मोजे घालतो.
चाऊस ऐकायचे, चुना लावायचे पानाला.
मला मात्र सांगितलं, हरभऱ्याच्या बांधावर,
मी बॅटरी धरून होतो, दात वाजायलेले:
"कामून घालायलो? थंडी वाजायली म्हणून.
एवढं सोपं सांगितलं की कुणाला पटत नाही, बघ."

बंदूक नव्हती त्यांच्याकडं.
वडिलांचं रिव्हॉल्व्हर होतं, निजामाच्या वेळचं,
मूठ झिजून गुळगुळीत.
त्यानं मारायचं तर जवळ जावं लागतं,
वीस पावलं, पंधरा,
जनावराच्या अंगाचा ओला वास येईपर्यंत.

घोंगडीचं त्यांनी त्याच रात्री काढलं.
लोकरीत बोट जाड होतं, म्हणाले,
चाप कुठं सुरू होतो ते कळत नाही.
मला वाटलं अजून टेकलंच नाही
आणि बार झाला.
दाजिबा उभा होता. माझ्याकडं बघत होता.
घोंगडी हलली नुसती,
वारं आल्यावाणी.

मग बराच वेळ आम्ही दोघं गप्प.
दव हरभऱ्यावर पडत होतं, हरभरा आंबट वासत होता.
चार बोटं लोकरीत,
आणि ते एक उघडं, चापाच्या बाहेर, लोखंडावर आडवं.
मधूनच ते तोंडात घालून चोखायचे,
लहान लेकरासारखे.
साठीचा माणूस. मला हसू आलं, मी गिळलं.

पहाटे आलं. एकटंच, मोठं.
मी बॅटरी मारली.
डुकरानं मान वर केली,
तोंडात हरभऱ्याचं झाड मुळासकट,
आणि त्याच्याही नाकातून वाफ निघायली.
मी मोजत होतो. पाच. दहा. पंधरा.
बॅटरी हातात थरथरायला लागली.
चाऊसांनी रिव्हॉल्व्हर खाली केलं.
"उंगली सो गई रे," म्हणाले.
"सोई हुई उंगली से नहीं दबाना."

डुकरानं सगळी पाटी खाल्ली, सावकाश.
आम्ही बघत बसलो.
शेतमालकानं सकाळी काय काय ऐकवलं
ते इथं लिहीत नाही.

पुढं कधीतरी लायसन संपलं,
रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा झालं,
पावती त्यांनी मोज्यातच ठेवली.
पौषात यायचे तरी दुकानात,
उघडं बोट इस्तरीपाशी धरून बसायचे.
तोवर मशीनवर मी बसायला लागलो होतो.
एकदा म्हटलं, चाचा, बोट आहे माझ्याकडं,
परत शिवून देऊ का?
"तू ठेवलास?"
मोजा उलटा करून बघितला, सुलटा केला.
"रहने दे. आता बोटाला सवय झाली."

ते बोट अजून आहे, बटणांच्या डब्यात.
कसरीनं एका बाजूला खाल्लंय.
फार थंडी असली तर मी घालतो,
कात्रीच्या हातात नाही, डाव्या,
कापड धरायच्या हाताला.